अ‍ॅब्लेशननंतरचे तीन महिने

माझ्या थोरल्या भावाच्या हृदयाचे अ‍ॅब्लेशन (हृदयाची बिघडलेली लय सुधारण्यासाठी नळीतून केलेला उपचार) श्रावणात झाले आणि तिसऱ्या दिवशी तो लालबागच्या चाळीतील आपल्या खोलीवर परत आला. भेटायला येणारे शेजारी त्याच्या छातीवर टाके शोधत होते. टाके नव्हतेच; जे काही होते ते उजव्या जांघेत, दोन बारीक छिद्रे आणि त्यांच्याभोवतीचा निळा डाग, आणि ती जागा काही पाहुण्यांना दाखवण्याजोगी नव्हे. तेव्हा ‘एवढेसेच होते तर’ असा निकाल सर्वांनी देऊन टाकला आणि दादानेही तो मनोमन मान्य केला. नवव्या रात्री दोन वाजता त्याची छाती पूर्वीसारखीच धडधडू लागली, नाडी हाताला वेडीवाकडी लागू लागली, आणि वहिनीच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते पैसे पाण्यात गेल्याचे.

पैसे पाण्यात गेलेले नव्हते. बाहेरची जखम आठवड्याभरात मिटते, आतली भरायला दोन ते तीन महिने लागतात, आणि या दोन मुदतींमधल्या अंतरातच रुग्णाचे आणि घरच्यांचे बहुतेक गैरसमज जन्माला येतात. काही वेळा ते निष्कारण घाबरतात, तर काही वेळा जिथे घाबरायलाच हवे तिथे निर्धास्त राहतात.

आत नेमके काय केलेले असते

निरोगी हृदयाचा ठोका उजव्या अलिंदातील (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातील) एका छोट्या पेशीपुंजातून निघणाऱ्या विद्युत लहरीने पडतो. एट्रियल फिब्रिलेशन, ज्याला डॉक्टर आणि आता रुग्णही नुसते ‘एएफ’ म्हणतात, त्या विकारात अलिंदांमध्ये भलत्याच ठिकाणांहून लहरी उठतात, अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात आणि नाडी अनियमित होते. फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले, की या भलत्या लहरींचा उगम बहुतेकदा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये असतो. त्यानंतर उपचाराची दिशा ठरली. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत न्यायच्या, दोन अलिंदांमधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडून डावीकडे जायचे आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती उती जाळून किंवा गोठवून एक कडे तयार करायचे. कड्याच्या जागी पुढे व्रण तयार होतो. व्रणातून वीज वाहत नाही, त्यामुळे शिरांमध्ये कितीही गोंधळ चालला तरी तो अलिंदापर्यंत पोचत नाही.

हे कडे शस्त्रक्रियेच्या दिवशी पुरे झालेले नसते. त्या दिवशी असतो तो ताजा भाजलेला, सुजलेला भाग. स्वयंपाक करताना हातावर वाफ आली तर फोड, मग खपली आणि मग नवी त्वचा असा क्रम आपण पाहतो. तसाच काहीसा क्रम हृदयाच्या आतल्या अस्तरावर घडतो, फरक इतकाच की तो दिसत नाही आणि ती जागा दिवसाला एक लाखाच्या आसपास वेळा हलत असते. सुजलेली उती स्वतःच चिडखोर असते आणि काही काळ तीच धडधडीला कारण होते. म्हणूनच सुरुवातीच्या या काळात एएफ परत आले तरी त्यावरून उपचार फसला असे ठरवत नाहीत. डॉक्टर या काळाला ‘ब्लँकिंग पिरियड’ म्हणतात. तो रूढीने तीन महिन्यांचा मानला जातो. २०२४ मधील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निवेदनाने तो आठ आठवड्यांवर आणला आहे.

अर्थात उपचार ‘फसला’ मानत नाहीत याचा अर्थ ‘कळवू नये’ असा नाही. धडधड तासन् तास थांबली नाही, चक्कर आली किंवा धाप लागली तर रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावाच लागतो. प्रसंगी औषध बदलतात किंवा भूल देऊन विजेच्या झटक्याने लय पूर्ववत करतात. शिवाय ज्यांना या काळात वारंवार त्रास होतो त्यांना पुढेही तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हेही खरे आहे आणि ते रुग्णापासून लपवण्यात अर्थ नाही. दादाची धडधड पहाटेपर्यंत आपोआप थांबली. सकाळी फोनवर डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न धडधडीबद्दल नव्हता. रक्त पातळ करण्याची गोळी चुकली होती का, असा होता. त्या गोळीकडे पुढे येऊ.

पहिले काही दिवस

नळ्या काढल्यावर चार ते सहा तास पाय सरळ ठेवून उताणे पडून राहावे लागते. अनेकांना या तासांतली पाठदुखीच सर्वांत जास्त आठवते. पूर्ण भूल दिली असेल तर घसा एक-दोन दिवस खवखवतो, लघवीची नळी घातली असेल तर जळजळ होते आणि प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर पुरुषांना लघवी अडकण्याचाही त्रास होतो. उती जाळणाऱ्या नळीच्या टोकाला थंड ठेवण्यासाठी शस्त्रक्रियेत बरेच सलाइन शरीरात जाते. त्यामुळे काहींच्या पायांवर सूज येते किंवा झोपल्यावर धाप लागते आणि दोन-चार दिवस लघवी वाढवणारी गोळी द्यावी लागते. खोल श्वास घेताना छातीत टोचल्यासारखे दुखणे हेही पहिल्या आठवड्यात अनेकांना होते. हृदयाभोवतीच्या आवरणाला आलेल्या सुजेमुळे ते होते आणि पुढे वाकून बसले की कमी होते. त्यावर पॅरासिटामॉल चालते. घरात पडलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, कारण रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

थकवा हा सर्वांत कमी लेखला जाणारा परिणाम आहे. दोन-तीन आठवडे दुपारी झोप लागणे आणि जिना चढल्यावर थांबावेसे वाटणे यात काही वावगे नाही. ज्यांना आपला ठोका मनगटावरच्या घड्याळात पाहण्याची सवय आहे त्यांना आणखी एक गोष्ट बुचकळ्यात टाकते: एरवी मिनिटाला साठ-पासष्ट असणारी नाडी विश्रांतीतही पंचाहत्तर-ऐंशी दिसू लागते. डाव्या अलिंदाच्या बाहेरून ठोके मंद ठेवणाऱ्या मज्जातंतूंची छोटी जाळी असतात आणि अ‍ॅब्लेशनमध्ये त्यांपैकी काही जळतात, म्हणून हे होते. लय नियमित असेल तर हा वाढलेला वेग बहुधा निरुपद्रवी असतो आणि कित्येक महिन्यांत हळूहळू उतरतो.

जांघेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण रुग्णालयाच्या छापील कागदावर ‘जड वस्तू उचलू नये’ एवढेच असते आणि मुंबईतल्या घरात जड वस्तू म्हणजे काय हे त्या कागदाला ठाऊक नसते. पहाटे नळाला पाणी येते तेव्हा भरलेली वीस लिटरची बादली ही जड वस्तू आहे. गॅसचे सिलिंडर तर आहेच, आणि कडेवर बसायला धावून येणारा नातूही आहे. आठवडाभर यांपैकी काहीही उचलू नये. शिरेवरची खपली आतून सुटली तर रक्त पुन्हा वाहू लागते. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसल्याने जांघेची घडी पडते आणि कुंथल्याने शिरेतला दाब वाढतो, म्हणून पहिले काही दिवस खुर्चीचा संडास वापरावा आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला असेल तर मधोमध भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते. दादाने तिला आधी फार नाके मुरडली, पण आठवडाभर तीच वापरली. पाटावर मांडी घालून जेवणे, साष्टांग नमस्कार घालणे हेही तेवढ्या दिवसांपुरते बाजूला ठेवावे. जिना बंद नाही, पण दिवसातून एक-दोनदाच, सावकाश आणि कठडा धरून. अंघोळ दुसऱ्या दिवसापासून करता येते, पोहणे किंवा पाण्यात बसून राहणे चालत नाही; आणि पावसाळ्यात परळ-हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून भरत आलेली जखम घेऊन चालत जाणे हे शहाणपणाचे नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

निळा डाग पाहून घाबरू नये. तो गुरुत्वाकर्षणाने मांडीवरून गुडघ्याकडे सरकतो, हिरवा होतो, पिवळा होतो आणि दोन-तीन आठवड्यांत जातो. वाटाण्याएवढी कडक गाठ लागली तरी हरकत नाही. पण गाठ मोठी होत असेल, तिच्यात ठोका जाणवत असेल, पाय गार किंवा बधिर पडत असेल अथवा जागा लाल होऊन पू येत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. शेजारच्या धमनीला इजा झाल्याची किंवा जखमेत जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असू शकते; धमनीची इजा सोनोग्राफीने लगेच कळते. रक्त वाहू लागले तर रुग्णाला आडवे करून जागेवर तळहाताने दहा-पंधरा मिनिटे न उचलता घट्ट दाबून धरावे. मध्ये मध्ये हात उचलून पाहण्याचा मोह सर्वांना होतो आणि त्यानेच रक्त थांबत नाही. तरीही थांबले नाही तर १०८ ला फोन करावा.

कामावर परतण्याबाबत सरसकट उत्तर नाही. टेबलावरचे काम असेल तर साधारण आठवड्याने जाता येते. पण मुंबईत काम टेबलावरचे असले तरी तिथवरचा प्रवास टेबलावरचा नसतो. दादरला पूल चढणे, धावती नसली तरी गच्च भरलेली लोकल पकडणे आणि दारात लोंबकळणे यांचा हिशेब डॉक्टरांना स्वतःहून सांगावा. दुसरा आठवडाही घरून काम मिळत असेल तर घ्यावा. गाडी आणि दुचाकी चालवण्याची परवानगी वेगळी विचारावी. गावाकडून उपचारासाठी आलेल्यांनी घरी परतण्याची घाई करू नये. रात्रभर एसटीत पाय दुमडून बसून कोकणात जाणे पहिल्या आठवड्यात टाळावे, आणि पुढेही मध्ये मध्ये उतरून चालावे.

रक्त पातळ करण्याची गोळी

अ‍ॅब्लेशननंतर किमान दोन ते तीन महिने ही गोळी सर्वांनाच घ्यावी लागते, पूर्वी लागत नसली तरीही. भाजलेले अस्तर खडबडीत असते, अलिंद काही काळ नीट आकुंचन पावत नाही, आणि खडबडीत पृष्ठभाग व संथ रक्त एकत्र आले की गुठळी होते. ती डाव्या बाजूची असल्याने थेट मेंदूकडे जाऊ शकते. म्हणजे ज्या काळात धडधड मनावर घ्यायची नसते, नेमक्या त्याच काळात गोळी चुकवणे सर्वांत धोक्याचे असते. लोक मात्र उलटे करतात: धडधड नाही म्हणून गोळी सोडतात.

गोळ्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत. अ‍ॅपिक्साबॅन दिवसातून दोनदा घ्यावी लागते. डॅबिगॅट्रानही दोनदा असते आणि तिने काहींना छातीत जळजळ होते. रिव्हरोक्साबॅन या उपचारात दिवसातून एकदा असते, पण ती भरल्या पोटी घ्यावी लागते. उपाशीपोटी ती अंगी बरीच कमी लागते. श्रावणी सोमवार, संकष्टी आणि चातुर्मास एकत्र सांभाळणाऱ्या घरात हा मुद्दा किरकोळ नाही. ज्यांच्या हृदयाची झडप संधिवाताच्या तापाने आकुंचित झाली आहे त्यांना मात्र जुनी वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसिट्रोमच द्यावी लागते, आणि त्यासाठी ठरावीक दिवसांनी आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) तपासावा लागतो, पालेभाज्यांचे प्रमाण अचानक कमी-जास्त करून चालत नाही. दात काढण्यासाठी गोळी बंद करायची असे परस्पर ठरवू नये. दंतवैद्याचे आणि हृदयतज्ज्ञाचे बोलणे आधी करून द्यावे.

दुर्मीळ, पण ओळखता आलेच पाहिजे असे

हृदयाच्या आवरणात रक्त साचणे हा शंभरात सुमारे एकाला किंवा त्याहून कमी जणांना होणारा धोका आहे. तो बहुधा टेबलावरच किंवा पहिल्या काही तासांत लक्षात येतो आणि सुईने रक्त काढून सावरता येतो. पक्षाघाताचा धोका त्याहून कमी आहे; तोंड वाकडे होणे, हात न उचलणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर झोपवून वाट न पाहता, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जावे. क्रायो फुगा, म्हणजे उती गोठवणारा फुगा, वापरला असेल तर उजव्या श्वासपटलाची नस दुखावू शकते. मग चढावर धाप लागते, पण बहुतेकांची नस काही महिन्यांत सावरते. जठराच्या नसेला धग लागली तर थोडे खाल्ल्यावरच पोट गच्च वाटते, तेही काही आठवड्यांत बरे होते. डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसणे, अर्धशिशीसारखे, हे काहींना दोन अलिंदांमधल्या पडद्याचे छिद्र बुजेपर्यंत होते. पहिल्यांदा झाले तर ते स्वतः निदान न करता कळवावे. स्पंदित विद्युत क्षेत्राच्या नव्या पद्धतीत उष्णतेची इजा टळते, मात्र तांबड्या पेशी फुटून पहिल्या दिवशी लघवी तांबूस होऊ शकते, त्यामुळे तेव्हा पाणी आणि मूत्रपिंडाची तपासणी महत्त्वाची ठरते.

एक गुंतागुंत मात्र मुंबईच्या पावसाळ्यात हमखास फसवू शकते, आणि या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी ती राहावी. अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या अगदी मागे, काही मिलिमीटरवर असते. उष्णतेने तिला इजा झाली तर हजारांत एकाहूनही कमी रुग्णांत तिच्यात व अलिंदात भोक पडून दोहोंचा मार्ग जोडला जातो. हे लगेच होत नाही. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, कधी दोन महिन्यांपर्यंत. लक्षणे असतात ताप, थंडी, गिळताना दुखणे, छातीत दुखणे, आणि मग आकडी (फिट) किंवा पक्षाघात. वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. आता ऑगस्ट-सप्टेंबरात लालबागमध्ये कोणाला थंडी वाजून ताप आला तर घरचे काय म्हणतील? मलेरिया, डेंग्यू, नाहीतर लेप्टो. नाक्यावरचे डॉक्टर रक्त तपासायला पाठवतील, दोन दिवस गोळ्या देतील, गिळताना दुखते म्हटल्यावर कदाचित दुर्बीण टाकायला सांगतील. या विकारात दुर्बीण टाकणे घातक ठरू शकते, कारण तिच्यासोबत पंप केलेली हवा त्या भोकातून रक्तात जाऊन मेंदूत पोचते. तपासणी करायची ती छातीच्या सीटी स्कॅनची, आणि तीही ज्यांनी अ‍ॅब्लेशन केले त्या डॉक्टरांना कळवून. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत आलेल्या कोणत्याही तापाला डॉक्टरांसमोरचे पहिले वाक्य ‘ताप आहे’ हे नसावे. ‘माझे अमुक तारखेला डाव्या अलिंदाचे अ‍ॅब्लेशन झाले आहे’ हे असावे. आम्लपित्ताची गोळी चार-सहा आठवडे दिली जाते ती अन्ननलिकेच्या रक्षणासाठी, तेव्हा ‘मला अ‍ॅसिडिटी नाही’ म्हणून ती बंद करू नये. ताप खरोखरच डेंग्यूचा निघाला तरी दुसरा प्रश्न उभा राहतोच: प्लेटलेट घसरत असताना रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची की नाही, हे त्याच दिवशी हृदयतज्ज्ञांनी ठरवायचे असते.

असाच उशिरा येणारा दुसरा फसवा प्रकार म्हणजे फुप्फुसाच्या शिरेचे तोंड व्रणाने आवळले जाणे. काही महिन्यांनी खोकला, धाप आणि थुंकीतून रक्त सुरू होते, आणि आपल्या शहरात थुंकीतल्या रक्ताला क्षयाखेरीज दुसरे नाव सुचत नाही. हल्ली शिरेच्या आत न जाळता तोंडाबाहेर कडे घेतात, त्यामुळे हे बरेच कमी झाले आहे.

ज्यांचे अ‍ॅब्लेशन एएफसाठी नसून एसव्हीटीसाठी, म्हणजे अचानक सुरू आणि अचानक बंद होणाऱ्या नियमित धडधडीसाठी झाले आहे, त्यांनी वरचे बरेचसे मनावर घेऊ नये. बहुतेकांचे डावे अलिंद त्यात शिवलेलेच नसते, यशाचे प्रमाण शंभरात पंचाण्णवच्या आसपास असते आणि आठवड्याभरात माणूस कामाला लागतो. काही आठवडे धडधड सुरू होतेय असे वाटून न होणे, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे, इतकेच. क्वचित ठोका खाली पोचवणारी मुख्य वाट दुखावते आणि पेसमेकर लागतो.

तीन महिन्यांनंतर

मुदत संपल्यावर ईसीजी आणि होल्टर (यंत्र अंगावर बांधून दिवसभर नोंदवलेला ईसीजी) करतात. अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये एका अ‍ॅब्लेशनने वर्षभरानंतर दहापैकी साधारण सात जण मोकळे राहतात. सतत टिकून राहणाऱ्या एएफमध्ये हे प्रमाण कमी असते आणि काहींना दुसऱ्यांदा करावे लागते. यात रुग्णाच्या हातात बरेच असते. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या स्थूल रुग्णांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवून ते टिकवले, त्यांची एएफपासून मुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट दिसली. रक्तदाब आणि मद्य यांचाही हिशेब त्याच वहीत आहे, आणि घोरण्याचाही. झोपेत श्वास अडकणाऱ्याने झोपेची तपासणी करून घ्यावी.

दादाला सर्वांत जास्त खटकली ती शेवटची गोष्ट. होल्टर निर्मळ आला, त्याने त्या आनंदात विचारले की आता रक्त पातळ करणारी गोळी बंद ना, आणि डॉक्टर नाही म्हणाले. ती गोळी पुढे चालू ठेवायची की नाही हे नाडीची लय पाहून ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात, हृदयाची दुर्बलता यांचे गुण मोजून ठरते, कारण एएफ न जाणवता परत येऊ शकते. दादा सहासष्टचा आहे, रक्तदाबही आहे आणि साखरही. त्यामुळे रात्रीचे जेवण झाले की ताट उचलण्याआधी वहिनी ती गोळी त्याच्या हातावर ठेवते.